मशीनचा करगोटा

हौसरावच्या घरात कुऱ्हाडीला करगोटा बांधायची रीत होती. आता लोक हसतात. करगोटा म्हणजे गड्याच्या कमरेचा काळा दोरा, तो लाकडाच्या दांड्याला कशाला, असं विचारणारे शहाणे आमच्या न्हावऱ्यासारख्या गावातही आहेत. पण हौसरावचा आज्जा झाडं तोडायचा, बाप झाडं तोडायचा, आणि दोघंही म्हणायचे की कुऱ्हाड हा घरातला कमावता गडी आहे, आणि कमावत्या गड्यानं उघड्या कमरेनं फिरू नये. म्हणून खंडेनवमीला हत्यारं धुवायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि घरातल्या बाईनं कुऱ्हाडीच्या दांड्याला नवा करगोटा बांधायचा. एकदा बांधला की तो तोडायचा नाही. झिजून आपसूक पडेल तेव्हा पडेल. कुऱ्हाडीचं त्यात काहीच बिघडत नव्हतं. दोरा असला काय नि नसला काय, घाव तोच बसायचा.

मग घरात मशीन आली.

शिरूरच्या दुकानातून हौसराव आणि त्याचा थोरला भारत मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळून ती घेऊन आले. झाड कापायची पेट्रोलची मशीन, पुढं हातभर पट्टी आणि पट्टीवर फिरणारी दातेरी चेन. दुकानातला मेकॅनिक पप्पू, वयानं भारतएवढाच, पण बोलायला वकील. त्यानं बापलेकांना ओट्यावर बसवलं आणि तासभर सोडलं नाही.

"ही गाईसारखी हाय, आबा," तो हौसरावला म्हणाला. "दूध देती तशी लाथ बी मारती. पट्टीचं हे जे टोक हाय ना, त्येचा वरचा कोपरा चुकून जरी लाकडाला लागला, का मशीन उसळून सरळ तोंडावर येती. कापनाऱ्याला कळतबी न्हाई. खाली जिमिनीवर माणूस मागं सरकतो तरी. झाडावर कुठं सरकनार?"

"मग झाडावर न्यायचीच न्हाई म्हंतोस?" हौसराव म्हणाला.

"न्या की. पर टोकानं कापू नका. खांद्याच्या वर उचलून कापू नका, एका हातानं तर कवाच न्हाई. आन् येवढं करून चुकलंच, तर ह्यो हाय." पप्पूनं पुढच्या हँडलच्या समोर उभा असलेला काळा प्लास्टिकचा पंजा दाखवला. "मशीन उसळली का तुमचं मनगट आपसूक ह्येच्यावर आदळतं, पंजा फुडं पडतो आन् चेन जाग्याव थांबती. ह्यो ब्रेक हाय. रोज सकाळी पयलं मनगटानं ह्येला ढकलून बघायचं. टक असा आवाज आला पायजे. टक न्हाई, तर काम न्हाई."

हौसरावनं मान डोलावली खरी, पण ते ऐकलं भारतनं. रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी तो अंगणात मशीन गुडघ्यावर घ्यायचा आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं पंजा ढकलायचा. टक. बाकीचे लोक देवाला हात जोडतात तेवढ्याच नेमानं. त्याची बायको शितल चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि म्हणायची, "झालं का तुमच्या बाईचं नाडीपरीक्षण?" भारत म्हणायचा, "व्हय, हिची ठीक हाय, तुझी राहिली." असली ती दोघं. भांडणसुद्धा गोड करायची.

मशीन आली तशी कुऱ्हाडीची रीत मशीनला लागली. भारतची आई तुळजाबाई दर खंडेनवमीला मशीनच्या मागच्या हँडलला करगोटा बांधायची. मागच्या हँडलला बांधला तर कशालाच धक्का लागत नाही. अर्थात तुळजाबाईला ते ठाऊक होतं असं नाही, तिला वाकायला तिथं सोपं पडायचं इतकंच. सात वर्षं तसंच चाललं. आठव्या वर्षी तुळजाबाईला चिकनगुनिया झाला, बोटं आखडली, साधं लुगड्याचं टोक खोचता येईना. ती सुनेला म्हणाली, "शितल, औंदा तू बांध."

कुठं बांधायचा ते कुणी सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. शितलनं विचार केला की नवऱ्याचा हात जिथं असतो तिथं बांधावा. म्हणून तिनं पुढचं हँडल धरलं, आणि दोरा सैल लोंबू नये म्हणून तो समोरच्या पंज्यालाही घेतला. हँडल नि पंजा एकत्र करून सात वेढे दिले, वर तीन गाठी. सुबक काम. ती मुळात सुबकच. तिच्या हातचा झेंडूचा हार बाजारात वेगळा ओळखू यायचा.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दौंडच्या अलीकडं एका मळ्यात काम होतं. चिंचेचं जुनं झाड गोठ्याच्या पत्र्यावर कललं होतं, वरच्या फांद्या उतरवायच्या होत्या. सणाचे दिवस मशीन पाटावरच होती, तिला कुणी हात लावला नव्हता. त्या सकाळी भारतनं नेमाप्रमाणं ती गुडघ्यावर घेतली, मनगटानं पंजा ढकलला. टक झालं नाही. त्यानं वाकून पाहिलं, हसून काहीतरी बोलला आणि खिशातला चाकू काढला.

"आबा, सोडवू का ह्यो? पंजा अडकलाय."

हौसराव पायात चप्पल घालत होता. त्यानं करगोटा पाहिला. पंजा त्यात बांधला गेलाय हेही पाहिलं. आणि तो म्हणाला, "राहू दे. सणाचं हाय. देवाचं तोडू ने. चार दिसांत पडंल आपसूक."

भारतनं पुन्हा एकदा पंज्याकडं पाहिलं. मग त्यानं चाकू मिटून खिशात टाकला. एकतीस वर्षांचा गडी, दोन माणसांचं काम एकटा ओढणारा, त्यानं बापाचं ऐकलं.

दुपारी बाराच्या सुमाराला तो चिंचेवर होता. कमरेला पट्टा, मशीनला दोर, सगळं रीतसर. दोन्ही हातांनी धरून, छातीच्या खाली ठेवून कापत होता. हौसराव खाली दोर धरून उभा होता. पाल्यामागं एक तुटका खुंट होता, खालूनही दिसत नव्हता आणि वरूनही दिसला नसणार. पट्टीचं टोक त्याला लागलं. मशीनचा आवाज एकदम बदलला एवढंच हौसरावला आठवतं. दौंडच्या दवाखान्याच्या दारात टेम्पो पोचेपर्यंत भारत गेला होता. घाव मानेला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला. त्यात झाड आलं, फांदी आली, मशीन आली. करगोट्याचं कुणी लिहिलं नाही. तो काही पंचनाम्यात लिहायचा जिन्नस नव्हे. मशीन परत मिळाली त्या दिवशी हौसराव ती घेऊन विहिरीवर गेला. एकटाच बसला. मनगटानं पंजा ढकलला. हलला नाही. जोर लावला, तरी हलला नाही. मग त्यानं खुरप्यानं ते सातही वेढे कापले आणि पुन्हा ढकलला. टक.

तो आवाज ऐकून दुसऱ्या एखाद्यानं विहिरीत उडी मारली असती. हौसरावनं मारली नाही. त्यानं दोऱ्याचे तुकडे गोळा करून पाण्यात टाकले आणि घरी आला.

तेराव्याला पाव्हणे गेल्यावर शितल त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. कडेवर दीड वर्षांची राजनंदिनी. पोर झोपलेली, आईचा चेहरा सुकून गेलेला.

"मामंजी," ती म्हणाली, "मशीनला करगोटा हुता का?"

हौसरावनं खाली पाहिलं. "न्हवता दिसला," तो म्हणाला.

आता हे खोटं तो का बोलला? तिच्यासाठी, असं तो स्वतःला सांगायचा. पोरीनं जीव लावून बांधलेल्या दोऱ्यानं नवऱ्याचा जीव गेला हे कळलं तर ती कशी जगेल? बरोबर आहे, विचार चांगला आहे. पण अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा असा, की दोऱ्याचं सांगायचं तर चाकूचंही सांगावं लागणार, आणि ते सांगायची त्याची छाती नव्हती. म्हातारा सुनेला झाकत होता त्यात स्वतःही झाकला जात होता. चादर एकच होती.

त्या दिवशी शेजारची कुशाबाई तिथंच बसली होती. ही बाई कुणाच्याही दुःखात सगळ्यात आधी येते आणि सगळ्यात शेवटी जाते, आणि जाताना एखादा निखारा ठेवून जातेच. ती म्हणाली, "सुटून पडला आसंल गं बाई. गाठ ढिली बसली आसंल. नव्या हाताला न्हाई जमत."

वाईट हेतूनं म्हणाली असं नाही. पण शितलच्या काळजात ते वाक्य रुतलं ते रुतलंच. आपली गाठ ढिली पडली. करगोटा सुटला, आणि नवरा उघडा पडला.

त्या दिवसापासून तिच्या हाताला काय झालं देव जाणे. म्हशीचं दावं बांधायची तर इतकं आवळून, की धार काढताना सोडवायला हौसरावला विळा लागायचा. पेंडीच्या पोत्याच्या तोंडाला गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. मळ्यातला झेंडू बाजाराला न्यायचा तर गठडं असं बांधायची की आतली फुलं चेंगरायची. पोर मोठी होत गेली तशी तिच्या वेण्या. राजनंदिनी कळवळायची, "आई, दुकतंय," आणि शितल म्हणायची, "सुटतील गं, बाळा, सुटतील." पोरीच्या कपाळाची कातडी ताणून भुवया वर जायच्या. तुळजाबाई दुपारी गुपचूप त्या वेण्या ढिल्या करायची.

हौसराव हे सगळं बघत होता. रोज. बघून उठून जायचा.  शितल रडायची नाही ह्याचीसुद्धा त्याला भीती वाटायची. मयताच्या दिवशी रडली तेवढीच. त्यानंतर ती फक्त गाठी मारत होती.

पहिली खंडेनवमी दुखवट्यात गेली. मशीन माळ्यावर पोत्यात होती, तिच्याकडं कुणी बघितलंही नाही. हौसरावनं झाडाची कामं सोडली आणि झेंडू नि कांदा करत राहिला.

दुसऱ्या वर्षी धाकटा दत्ता घरी आला. तो कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीत ठेक्यावर होता, ठेका संपला, कंपनीनं नमस्कार केला. दोन महिने इकडं तिकडं फिरून बघितलं, मग एका सकाळी त्यानं शिडी लावली आणि माळ्यावरून पोतं खाली घेतलं. हौसराव म्हणाला, "नगं." दत्ता म्हणाला, "आबा, मशीन काय वैरीण हाय का? मी वर चढनार न्हाई, खालचंच करीन." हा मुलगा थोरल्यापेक्षा शांत, पण मनात आलं की आलं. शिरूरला जाऊन पप्पूकडून मशीन उघडून साफ करून आणली, हेल्मेट आणलं, जाळीचा चष्मा आणला. दसऱ्यानंतर लगेच न्हावऱ्यातच दोन कडुलिंबाची झाडं पाडायची ठरवली.

आणि खंडेनवमी आली.

सकाळी ओसरीत पाट मांडला. त्यावर कुऱ्हाड, कोयता, खुरपी, विळे आणि मधोमध मशीन, धुऊन पुसून चकचकीत. तुळजाबाईनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दत्तानं नारळ फोडला. मग तुळजाबाईनं आपली आखडलेली बोटं पुढं केली आणि मागं घेतली.

"मी बांधते," शितल म्हणाली.

कुशाबाई होतीच. म्हणाली, "तू गं? आता तुझ्या हातानं कशापायी? तुळजाबाई हाय, न्हाईतर माझी सून येईल, सवाशीण बाई हाय."

"तीच बांधंल," तुळजाबाई म्हणाली. "तुमी परसाद घ्या आन् बसा."

शितलनं पदराआडून करगोटा काढला. तो नेहमीचा सुती नव्हता. शिरूरच्या बाजारातून तिनं जाड नायलॉनचा आणला होता, बैलाच्या कासऱ्याला चालेल असला. ती पाटापुढं बसली, मशीन जवळ ओढली, पुढचं हँडल धरलं आणि पंज्यासकट पहिला वेढा दिला. मग दुसरा. प्रत्येक वेढ्याला दात-ओठ खाऊन ओढत होती. दोरा तिच्या बोटांत रुतून बोटं पांढरी पडली होती. हौसराव ओसरीच्या खांबाला टेकून बघत होता.

त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की संध्याकाळी गपचूप कापून टाकू. मागं केलं तसंच. बघा, दोन वर्षं जळूनही माणसाला तीच वाट दिसते. दत्ताला बाजूला घेऊन सांगू, बाबा, असं असं आहे, तू काढून टाक, वहिनीला कळू देऊ नको.

शितलनं सातवा वेढा दिला, गाठी मारायला लागली. एक, दोन, तीन, चार. मोजायचं सोडून दिलं हौसरावनं. शेवटची गाठ तिनं दातानं ओढली.

"भावजी," ती दत्ताला म्हणाली, "आता न्हाई सुटायचा. मागल्या येळंला माझी गाठ ढिली पडली. आता न्हाई पडायची. पर तुमीबी जपा, रोज हात लावून बघत जावा."

दत्ता पुढं सरकला. त्यानं मशीनवर हात ठेवला. "वयनी, तुमी बांधलेला ह्यो दोरा मी कवाच काढनार न्हाई. शपथ हाय."

झालं. गुपचूप वाटही बंद झाली. दत्ता शपथ मोडणाऱ्यांतला नव्हता, आणि परवा तो त्याच मशीननं लिंब पाडायला जाणार होता.

"शितल," हौसराव म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "दत्ता, जरा थांब. बसा समदे. मला बोलायचंय."

तो पाटापुढं येऊन बसला. मशीन मांडीवर घेतली. तिच्यावरची माळ बाजूला ठेवली. मनगटाची मागची बाजू पंज्याला लावली आणि ढकलली. पंजा हलला नाही.

"बघितलंस?" तो शितलला म्हणाला. "ह्यो फुडं पडला पायजे. मशीन उसळती तवा ह्यो फुडं पडतो आन् चेन थांबती. भारत रोज सकाळी बघायचा ते ह्येच. आता ह्यो पडत न्हाई."

"का?" शितल म्हणाली.

हौसरावनं करगोट्यावर बोट ठेवलं. 

 दत्ता पुढं झाला. मगाची शपथ त्याच्या तोंडावर होती, तरी त्यानं चाकू घेतला. एकदा वहिनीकडं पाहिलं आणि एकेक वेढा कापला. नायलॉन होता, वेळ लागला. मग हौसरावनं पुन्हा मनगट लावलं. टक.

शितलनं तो आवाज ऐकला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज ऐकलेला आवाज. तिनं हात लांब करून स्वतः पंजा मागं ओढला, पुन्हा ढकलला. टक. आणखी एकदा.

"म्हंजी त्या दिवशी करगोटा सुटला न्हवता," ती म्हणाली.

"न्हाई, पोरी. तसाच घट्ट हुता. मीच मागनं कापला, इहिरीवर बसून. तुला खोटं बोललो."

"माझ्या गाठीनं गेले."

"तुझ्या गाठीनं न्हाई." हौसराव आता थांबणार नव्हता. "ऐक. त्येला दिसलं हुतं. सकाळीच. पंजा अडकलाय म्हनला. चाकू काढला हुता त्यानं, सोडवू का म्हनून मला इचारलं. मी नगं म्हनलो. देवाचं तोडू ने म्हनलो. त्यानं माझं ऐकलं. पप्पूनं शिकवल्यालं मलाबी ठावं हुतं, तरी मी नगं म्हनलो. तू रीत केलीस. मारला मी त्येला."

तुळजाबाई भिंतीला धरून उठली होती. सुनेला सावरायला उठली होती. हे ऐकलं आणि ती पुन्हा जागच्या जागी बसली. तिच्याही पोटचा होता तो, आणि तिलाही हे आत्ताच कळत होतं.

शितलनं आपले दोन्ही हात पुढं धरून पाहिले. मग म्हणाली, "दोन वर्सं मी देवाला शिव्या दिल्या. सोताला दिल्या. रोज ह्या हातांना दिल्या. आता कुणाला देऊ?"

"मला दे," हौसराव म्हणाला.

तिनं दिल्या. सासऱ्यापुढं पदर न ढळू देणारी शितल, त्याला अहो-जाहो करणारी, ती एकेरीवर आली. "तुझ्या जिभंला काटं का न्हाई आलं? पोराचा जीव घेऊन माझ्या हातचं खात हुतास दोन वर्सं? पोरीच्या वेण्या आवळताना बघत हुतास, तवा तुझं तोंड शिवलं हुतं का?" तिच्या माहेरच्या बायका वैऱ्याला देतात तशा शिव्या, घसा फुटेस्तोवर. कुशाबाई "अगं अगं" करत उठली, तिला दत्तानं हातानंच थांबवलं. हौसराव मान खाली घालून ऐकत होता. त्यानं एकही शब्द अडवला नाही. ह्या दोन वर्षांत त्याच्याशी कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

शेवटी तिचा आवाज बसला. ती पाटाला टेकून जमिनीवर बसली. राजनंदिनी आतून आली आणि आईच्या मांडीत शिरली. शितलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, वेणी चाचपली आणि सावकाश सोडायला लागली. कुशाबाई कधी उठून गेली ते कुणी पाहिलं नाही.

"काय म्हनले हुते ते?" तिनं विचारलं. हौसरावकडं न बघता. "करगोटा बघून काय बोलले का? माझ्याबद्दल?"

 हे हौसरावच्या ध्यानातच नव्हतं. करगोटा लपवला, चाकू लपवला, आणि त्याबरोबर पोराचं बोलणंही लपवून ठेवलं होतं. ते तर तिचं होतं.

"हसला," तो म्हणाला. "म्हनला, आबा, माझा करगोटा तुटून म्हैना झाला, मला आणायला तुमच्या सुनंला यळ न्हाई. आन् मशीनला बघा कसा झकास आणलाय. मशीनवर लई जीव हाय म्हनला हिचा."

शितलचे हात वेणीत थांबले.

"आणला हुता," ती म्हणाली. "दोन आणले हुते, मामंजी. मशीनला येक आन् त्येंना येक. त्येंचा दिवाळीच्या आंगुळीला बांधायचा म्हनून ठिवला हुता, सांगितलं न्हवतं. ट्रंकंत हाय. कागदात गुंडाळल्याला तसाच हाय."

आणि ती रडायला लागली. मयताच्या दिवसानंतर पहिल्यांदाच, पोरीच्या केसांत तोंड खुपसून. तुळजाबाई सरकत सरकत तिच्यापाशी गेली. हौसराव मशीन मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिला.